सामानापाशी

बडोद्यातल्या गोत्रीच्या फ्लॅटमधला माळा आवरताना काल निळी बॅग हाती लागली. तापलेल्या रेक्झिनचा तो वास आला आणि मी थेट तमिळनाडूतल्या होगेनक्कलच्या घाटावर पोचले.

बाबा रिफायनरीत होते. प्रवासभत्ता मिळाला की आम्ही लांब कुठेतरी जायचो. त्या वर्षी होगेनक्कलला गेलो होतो. तिथे धबधब्यापर्यंत टोपलीसारख्या गोल होड्या जायच्या. आईने एक पाय होडीत ठेवलाही होता. तेवढ्यात बाबा म्हणाले, "सामानापाशी कोण?"

दर प्रवासात सामानापाशी आईच बसायची. तिने पाय मागे घेतला. "या तुम्ही जाऊन. मला इथूनही आवाज येतोय."

कातळाच्या वळणापलीकडे पाणी कोसळत होतं. आम्ही चिंब होऊन, हसत परतलो, तेव्हा आई या बॅगेवर बसली होती. तिने माझ्या ओल्या गालावरून हात फिरवला आणि तोच हात आपल्या गालाला लावला. "गार आहे गं."

बडोद्याला आल्यावर शेजारणीला ती सांगत होती, "बहु मोटो धोध, बेन." धबधब्याने तोंड भिजून गेलं, असंही म्हणाली.

काल रिकामी बॅग मांडीवर घेऊन आठवून पाहिलं, त्या दिवशी हिच्यात होतं तरी काय? चार टॉवेल आणि थेपल्यांचा डबा.