बाबांच्या मांडीवरची दुसऱ्याची पोर

घरी बाबांनी मला कधी उचलून घेतलं नाही. "आजोबासमोर बाप आपल्या लेकराले उचलत नाई, रीत हाय तशी," आई सांगायची. मला ते पटलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पाच वर्षांची, तापानं फणफणलेली. बाबा मला आमच्या जाम गावाहून एसटीनं वर्ध्याला, लहान मुलांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. बाकावर बसून मी इतरांचे बाप बघत होते. एकजण पोराला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होता, दुसरा आपल्या शर्टानंच पोरीचं नाक पुसत होता. यांच्या घरी आजोबा नसतील, असं मी ठरवून टाकलं.

बाकावर शेजारी बसलेली बाई आपल्या थोरल्या पोराचं वजन करायला उठली. "भाऊ, जरा धरा जी इले," म्हणत तिनं तान्ही पोर बाबांकडे दिली. बाबांनी तिला अलगद मांडीवर घेतलं आणि चक्क बकरीसारखं बें बें करायला लागले. पोर खुदकन हसली. बाबाही हसले.

मी त्यांची बाही ओढली. "बाबा, मले बी घ्या ना."

"तू मोठी झाली आता," म्हणाले, आणि पुन्हा बें बें.

कसली रीत अन् कसलं काय! तिथं आजोबा कुठं होते? तिथं फक्त मी होते.