दहा टनांची बैलगाडी

सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्याला कॉम्प्युटर जोडायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. नव्वदीचं दशक सरत आलेलं. आजवर हातानं वजनं लिहिणारे हेडक्लार्क माझ्याकडं डोळे वटारूनच बघायचे. चेअरमननी बजावलं होतं, "पयल्या दिवशी एक जरी शेतकरी बोंबलला, तर यंत्र गुंडाळायचं आनि तुमीबी."

पण पावसाळ्यात काटा खोलून ठेवलेला आणि ऊस रानात. प्रोग्राम तपासायचा कसा? मी युक्ती केली. प्रोग्रामनं काटा स्वतः शोधायचाच नाही, बाहेरून हातात येईल तो वापरायचा. कुठला द्यायचा हे ठरवायला वेगळा तुकडा लिहिला. पुस्तकात त्याला 'फॅक्टरी' म्हणत. या सगळ्या देण्याघेण्याला आजची पोरं 'डिपेंडन्सी इंजेक्शन' म्हणतात. त्या फॅक्टरीतून मी एक खोटा काटा काढला, नुसता प्रोग्राममधला. काहीही ठेवा, तो सांगणार दहा टन. पावसाळाभर आमचं दोघांचं झकास जमलं.

हंगामाच्या पहिल्या दिवशी नारळ फुटला. पहिला ट्रक चढला. दहा टन! टाळ्या पडल्या. मी कॉलर ताठ केली. मग आली आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची बैलगाडी. तीही दहा टन.

फॅक्टरीला खरा काटा द्यायला सांगायचं मी साफ विसरलो होतो. रांगेतले शेतकरी मात्र गप्प. जास्त वजनावर कोण बोंबलतंय? मीही गप्पच बसणार होतो, हे कबूल करायला आजही लाज वाटते.

आबा मिलिटरीतून रिटायर झालेले. गाडीवरून उतरले आणि थेट चेअरमनसमोर उभे राहिले.

"आवं सायेब, ह्यात धा टन ऊस न्हाई. बैलांस्नी इचारा."

हशा पिकला. हेडक्लार्कांनी लगबगीनं जुनं रजिस्टर उघडलं. मी घामाघूम होऊन फॅक्टरीतली एक ओळ बदलली. बाकी प्रोग्रामला हात लावावा लागला नाही. ट्रक परत तोलला, मग आबांची गाडी. अडीच टन.

मागचा शेतकरी ओरडला, "सोताच्या बापालाबी वाढीव देत न्हाईत गड्या! घाला माजी गाडी!"

चेअरमननी यंत्र ठेवलं, मलाही ठेवलं.

संध्याकाळी गोठ्यात मी विचारलं, "आबा, तुमी गप बसला असता तर?"

"तर उद्या तुजी नोकरी गेली असती." त्यांनी बैलांपुढं वैरण टाकली. "आनि ह्या दोगांस्नी काय तोंड दावलं असतं रं?"