सात दिवसांत शिकलेली हलगी

शिबिराचं पत्र मुख्याध्यापकांनी माझ्यापुढं सरकवलं तेव्हा मी सहावीच्या वह्या तपासत होते. लोककला प्रशिक्षण, नांदेड, सात दिवस, निवासी. शाळेतून एकजण पाठवायचाच होता आणि बाकीच्यांची कारणं माझ्याआधी तयार होती. कोणाच्या घरी लग्न, कोणाची कंबर धरलेली. मी निलंग्यात खोली करून राहते, नवरा-पोरं नाहीत, त्यामुळं असल्या गोष्टी फिरून माझ्याकडंच येतात. "जा मॅडम, तेवढाच बदल," ते म्हणाले. मी बॅग भरली आणि लातूरवरून एसटी बदलून नांदेडला पोचले.

एका कॉलेजच्या सभागृहात शिबिर होतं. आम्ही चाळीसेक शिक्षक. सकाळी नाच, दुपारी हस्तकला, चहानंतर वाद्य आणि गाणी. सगळ्यावर एक संचालिका होत्या. बाहेरून आलेल्या, हातमागाची साडी, गळ्यात शिट्टी. माझ्या खोलीत देगलूरकडच्या एक बाई होत्या, वयानं माझ्यापेक्षा मोठ्या, त्यांना मी अक्का म्हणायला लागले. त्यांनी घरून धपाटे आणि जवसाची चटणी आणली होती. पहिल्याच संध्याकाळी अर्धे धपाटे माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "खा गं, हितलं जेवण काय खरं न्हाई."

पहिले दोन दिवस मी खरंच खूष होते, हे कबूल करायला हवं. लेझीम करून पोटऱ्या भरून आल्या. कागदाच्या लगद्याचे मुखवटे केले, माझ्या मुखवट्याचं नाक वाळताना एका बाजूला कललं आणि सगळे पोट धरून हसले. शाळेत इतकं हसायला मिळत नाही.

तिसऱ्या दिवशी वेळापत्रकात हलगी होती.

हलगीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या गावात हलगी वाजवायचं काम आमच्याच लोकांकडं होतं. लग्नात, पालखीत, मयतीत, जत्रेत, बोलावलं की जायचं आणि वाजवायचं. ज्यांच्या दारात वाजवायचं त्यांच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाही. माझे आजोबा त्या कामात नावाजलेले. वडील शिकले, कॉलेजात गेले. सुट्टीत गावी आले तेव्हा एका वरातीत त्यांना गळ्यात हलगी अडकवून पुढं उभं केलं, आणि त्यांच्याच वर्गातली दोन मुलं त्या वरातीत पाहुणे म्हणून नाचत होती. वडिलांनी त्या दिवशी हलगी उतरवली ती कायमची. नोकरी लागल्यावर त्यांनी लातूरला घर केलं. लातूरच्या घरात हलगी हा शब्दसुद्धा निघत नसे. पण मी उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जायचे आणि आजोबा मला मागच्या अंगणात शिकवायचे. "बापाला सांगू नको बरं का," म्हणायचे. पोरीच्या जातीनं हलगी वाजवायची नसते, हेही त्यांना कोणी शिकवलं नव्हतं बहुतेक. बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत मला सगळ्या चाली येत होत्या.

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. नोकरीत नाही, कॉलेजात नाही, कुठंच नाही. आमचं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही. विचारलं की मी "लातूरची" म्हणते आणि लोकांचं समाधान होतं.

तर तिसऱ्या दिवशी चहानंतर हलगीचे शिक्षक आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी. मी दुसऱ्या रांगेत होते. त्यांनी पिशवीतून हलगी काढली आणि मला चेहऱ्याआधी त्यांचे हात ओळखू आले. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धं. हे तात्या. आजोबांचे जोडीदार. शिरूर अनंतपाळच्या बाजूचे. पण महिन्यातले आठ दिवस गावातल्या आमच्याच घरी असायचे. माझं जावळ काढलं तेव्हा यांनी वाजवलं होतं म्हणे.

त्यांनी एकेकाला गाव विचारायला सुरुवात केली. माझी पाळी आली.

"तुमचं गाव, बाई?"

"लातूर," मी म्हणाले.

ते माझ्याकडं बघत राहिले. फार वेळ नाही, पण पुढच्या माणसाकडं जायला लागतो त्यापेक्षा जास्त. मग म्हणाले, "लातूर. बरं." आणि पुढं सरकले.

शिकवताना मी मुद्दाम चुकत होते. उजव्या हातातली जाड काठी आणि डाव्या हातातली बारीक काडी मी उलटसुलट धरली. हलगी पोटाशी घेतली, खांद्याला लावली नाही. अक्का माझ्या शेजारी हसून राहिल्या होत्या, त्यांच्याबरोबर मीही हसले. पण हात कुठवर खोटं बोलणार? तिसऱ्या दिवशी जमलं, चौथ्या दिवशी तात्यांनी जत्रेची चाल धरली आणि माझ्या डाव्या हातातली काडी आपोआप नाचायला लागली. वर्गातले एकेक थांबले. शेवटी तात्या आणि मी, दोघंच वाजवत होतो. मी भानावर येऊन थांबले तेव्हा संचालिका टाळ्या वाजवत होत्या.

"बघा! चोवीस तासांत! याला म्हणतात उपजत!"

तात्या खाली मान घालून हलगीच्या कडेवर बोट फिरवत होते.

पाचव्या दिवशी त्यांचं आणि संचालिकांचं वाजलं. वाजलं म्हणजे त्याच बोलल्या. शेवटच्या दिवशीच्या कार्यक्रमासाठी त्यांना एक चाल नाचाला बसवायची होती. तात्या म्हणाले, "ही देवीच्या पालखीची हाय. हिच्यावर नाचत न्हाईत."

"प्रेक्षकांना कुठं कळतंय?" त्या म्हणाल्या. "फक्त ते मधलं लांबवता ना, ते काढा. आठ मात्रांत बसवा. तुमचा ताल तिथं चुकतो."

"चुकत न्हाई, बाई. तिथं पालखी टेकते. म्हणून थांबायचं असतंय."

"बाबा, मी शास्त्र शिकलेय याचं."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या चाळीस जणांत तिथं पालखी टेकते हे ठाऊक असणारी मी एकटी होते. आजोबांनी मला त्या थांब्याला श्वास रोखून धरायला शिकवलं होतं. मी खाली वाकले आणि चपलेचा पट्टा नीट करायला लागले. पट्ट्याला काही झालं नव्हतं.

तात्यांनी ती चाल आठ मात्रांत बसवून दिली.

त्यांचं जेवण वेगळं असायचं. कोणी तसं म्हटलेलं नव्हतं. कलाकारांची सोय मागं केलीय, इतकंच. मागं म्हणजे सभागृहाच्या मागच्या पायऱ्या. मी माझं ताट घेऊन खिडकीजवळून जायचे, ते पायरीवर बसून जेवताना दिसायचे. पाचव्या दिवसापर्यंत मी एकदाही त्या पायऱ्यांवर गेले नाही. सहाव्या दिवशी गेले, तेही जेवायला नाही. ते मागं कागद आणि काटक्या पेटवून हलगी शेकत होते. कातडं तापून ताणल्याशिवाय ती बोलत नाही. आजूबाजूला कोणी नाही हे आधी बघून मगच मी पुढं झाले.

"तात्या," मी म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं नाही. "बाप बरा हाय का तुझा?"

"हाव. बरे आहेत."

"आन तू मास्तरीण झालीस. तुझ्या आज्याला बघायला पायजे होतं." मग हलगी फिरवून दुसरी कड धगीला धरली. "म्या कुणाला काय बोलणार न्हाई. तू बी बोलू नको. तुझं पुढं लई दिस जायचे हाईत या लोकात."

मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मला हायसं वाटलं. आजही त्या हायसं वाटण्याचीच लाज सगळ्यात जास्त वाटते.

सातव्या दिवशी समारोप. कोणी मोठे साहेब आले, त्यांना पुढं दुसरा कार्यक्रम होता. आमचा नाच झाला. हलगी मी वाजवली, मंचाच्या मधोमध उभी राहून. तात्यांना पडद्यामागं बसवलं होतं, मी चुकले तर सावरायला. मी चुकले नाही. उत्कृष्ट प्रशिक्षणार्थी म्हणून माझं नाव पुकारलं. संचालिकांनी माझ्या हातात माईक दिला. "दोन शब्द बोला. एक महिला एका आठवड्यात हलगी शिकली, हे लोकांना कळू द्या."

मी बोलले. शब्द न् शब्द आठवतो. "मला यातलं काहीच येत नव्हतं. आमच्या घरात कलेचं वातावरण नव्हतं. जे काही शिकले ते या सात दिवसांत, या शिबिरात शिकले."

टाळ्या पडल्या. तात्या तोवर पडद्यामागून उतरून शेवटच्या रांगेत जाऊन बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. साहेब निघून गेल्यावर कोणाला तरी आठवलं की हलगीच्या बाबांचा सत्कार राहिलाच. खुर्च्या आवरून राहिले होते, त्यातच एका कारकुनानं त्यांना शाल दिली. मी अक्कांबरोबर फोटो काढत होते.

दोन दिवसांनी लातूरच्या पेपरात आतल्या पानावर माझा फोटो आला, गळ्यात हलगी. मला वाटलं होतं वडील फोटो बघून संतापतील. मी त्यांच्याकडं गेले तेव्हा पेपर त्यांच्या मांडीवर घडी घातलेला होता.

"बस," ते म्हणाले. "हे तू बोललीस का, का यांनी मनानं छापलं?"

त्यांनी बोट ठेवलं ते फोटोवर नव्हतं, खालच्या ओळींवर होतं. घरात कलेचं वातावरण नव्हतं.

"बोलले," मी म्हणाले.

"कामून?"

जे तोंडाला आलं ते बोलले. "तुम्हीच सोडली ना हलगी? तुमच्याच घरात तो शब्दसुद्धा निघत नव्हता ना?"

"मी सोडली. उघड सोडली. भर वरातीत, सगळ्यांच्या पुढं उतरवून ठेवली आणि मार खाल्ला." त्यांचा आवाज चढला नाही. "मी माझ्या बापाला कधी नाकारलं नाही. घ्यायची नव्हती तर नसती घ्यायची. घेतलीस तर आपली म्हणून घ्यायची. तू त्याच्याकडून शिकलीस आणि त्याचं नाव पुसून बक्षीस घेतलंस."

"तुम्हाला माहीत होतं? मी शिकत होते ते?"

"अंगण केवढं होतं आपलं? तुला न्यायला यायचो तेव्हा मला ऐकू येत नव्हतं व्हय?"

त्यांनी पेपर उचलून खिडकीत ठेवला आणि आत गेले. नंतर कितीतरी दिवस आमचं बोलणं औषधं, गॅस आणि पाहुणे एवढ्यापुरतंच राहिलं. आता पुन्हा बोलतो. तो विषय मात्र त्यांनी काढला नाही आणि मीही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी तात्यांच्या गावी गेले. शिरूर अनंतपाळला उतरून ऑटो केला. तात्या ओट्यावर बसले होते. मला बघून उठले. म्हातारा माणूस माझ्यासाठी उठला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"या बाई, या. बसा," ते म्हणाले. सुनेला हाक मारून म्हणाले, "खुर्ची आण गं, मॅडम आल्यात."

शेकोटीपाशी मी तू होते. आता बाई आणि तुम्ही.

मी चहा घेतला. माफी मागायची म्हणून शब्द जुळवून आणले होते, ते खुर्चीवर बसून बोलता येईनात. मी भलतंच बोलले. पुढच्या शिबिरात तुम्हालाच बोलवावं म्हणून मी वर पत्र लिहीन, असं म्हणाले.

"नगं," ते म्हणाले. रागानं नाही, अगदी मऊ. "आमचा ताल चुकतोय म्हणत्यात तिथं. आन तुम्ही शिकलाव की आता. तुम्हीच शिकवा."

"तात्या, ताल चुकत नव्हता. तिथं पालखी टेकते."

"व्हय," ते म्हणाले. "हितं म्हणून काय उपेग, बाई?"

सूनबाईंनी मला पिशवीभर सीताफळं दिली. तात्या ऑटोपर्यंत आले, हात जोडून उभे राहिले. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर दोन पावलं मागं सरकले.

यंदा परत पत्र आलंय. शिबिर लातूरला आहे आणि या खेपेला माझं नाव शिकणाऱ्यांत नाही, हलगीची मार्गदर्शक म्हणून आहे. मुख्याध्यापकांनी शाळेत पेढे वाटले. अक्कांचा फोन आला, त्या मुद्दाम नाव देऊन राहिल्यात, म्हणे तुझ्या हाताखाली शिकते. मला फोनवर सांगता आलं असतं. अक्का, मी आठवड्यात नाही शिकले, माझ्या आजोबांनी शिकवलं, आमचं कामच होतं ते, गावात आम्हाला त्यासाठीच ठेवलेलं होतं. अक्का पुढं काय बोलतील, किंवा बोलायच्या थांबतील, ते मला ऐकायचं नव्हतं.

मी नकार कळवलाय. कारणाच्या रकान्यात प्रकृती अस्वास्थ्य लिहिलं. मुख्याध्यापकांनी सही करताना विचारलं, "काय होतंय मॅडम?" मी म्हणाले, "खांदा दुखतोय सर."

"जपा," ते म्हणाले.