थळच्या खळ्यातला दगड

आमची फर्म तिघांनी वाढवली आणि एका दगडाने मोडली. आजोबा साखळी घेऊन उरणच्या मिठागरांपासून चौलच्या वाड्यांपर्यंत जमिनी मोजत फिरायचे. बाबांनी तेच काम टेपवर आणि पुढे मशीनवर केलं. धाकटे काका मात्र जमिनी विकायला लागले. एकाच गाळ्यात अर्ध्यात मोजणी, अर्ध्यात प्लॉटची दलाली. लोक म्हणायचे, काय छान सोय केलीत! मला ती सोय कधीच आवडली नाही.

आजोबांनी एक शिस्त लावून दिली होती. हद्दीचा दगड पुरताना दोन्ही शेजाऱ्यांनी त्यावर घणाचा एकेक घाव घालायचा, मगच आमची माणसं पुढचं ठोकणार. शेजारी समुद्रावर गेला असेल तर बोट येईपर्यंत थांबायचं. म्हणून भांडणं कमी होत होती असं नाही. बांधावर फुटलेली डोकी आणि पडलेले दात मी शाळेत असल्यापासून पाहत आलेय. पण स्वतः घाव घातलेला दगड कुणी उपटायला जात नसे.

थळच्या कोळीवाड्याला लागून असलेला एक प्लॉट काकांनी मुंबईच्या पार्टीला बंगल्यासाठी ठरवला होता. त्याची हद्द शेजारच्या कोळ्याच्या खळ्यातून, म्हणजे मासळी सुकवायच्या जागेतून जात होती. मोजणी बाबांनीच केली आणि ती बरोबर होती. पण कोळी समुद्रावर होता आणि पार्टी गाडी घेऊन दारात उभी. बाबा म्हणाले, थांबू या. काका म्हणाले, "दादा, त्याच्या वाटचा घाव मी घालतो. एक घाव तर आहे." आणि घातला. कोळ्याची बायको सुकत घातलेल्या वाकट्या गोळा करत शिव्या देत होती. बाबा नुसते बघत राहिले.

बोट लागली त्या सकाळी तो कोळी ओल्या अंगाने खळ्यातून थेट आमच्या ऑफिसवर आला. खांद्यावर उपटलेला दगड, कमरेला कोयता. दगड त्याने काचेच्या दारावर घातला.

"माझे खल्यान दगड कोनी ठोकला? माना न इचारता?"

काका बाबांच्या मागे सरकले. मी ते पाहिलं, आणि त्याबद्दल त्यांना आजही माफ केलेलं नाही. कोयता काकांसाठी निघाला होता. बाबांनी उजवा हात मध्ये घातला. मनगटाच्या वर खच्चकन आवाज झाला आणि टेबलावरचा नकाशा रक्ताने भिजला. मी मशीनचं लाकडी स्टँड उचललं आणि त्या माणसाच्या डोक्यात घातलं. तो खाली बसला तरी माझे हात थांबेनात. शेजारच्या गॅरेजवाल्यांनी मला मागून आवळून धरलं, तेव्हा कुठे मला दिसलं, कोयता टाकून तो बाबांच्या हाताला आपला रुमाल घट्ट बांधत होता.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हात राहील, पण बोटं वळणार नाहीत. त्याच बोटांनी बाबा नकाशे काढायचे. पोलीस जबाब घ्यायला आले. मला त्या माणसाला तुरुंगात सडवायचं होतं. बाबांनी सांगितलं, "झटापटीत लागलं. माझी तक्रार नाही."

मी ओरडले, "तुमचा हात गेलाय, बाबा!"

"दगड खोटा ठोकला गं आपण," ते म्हणाले. "त्याच्या जागी मी असतो तर मीही आलो असतो."

संध्याकाळी काका आले. येताना शहाळी घेऊन आले. बँडेज पाहून हळहळले आणि स्टुलावर बसत म्हणाले, "दादा, पार्टीला अजून धरून ठेवलंय मी. दगड परत कधी ठोकायचा?"

बाबा उठून बसले. त्यांनी काकांच्या अशी थोबाडीत लगावली की शहाळी कॉटखाली घरंगळत गेली. काका गाल धरून म्हणाले, "दादा, मला मारलंस? तेही डाव्या हाताने?"

"उजवा विकलास ना तू," बाबा म्हणाले.