पैनगंगेवरची दुसरी फेरी

मी सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनियर दलात, नोकरी केली. नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मूळचा उदगीरचा. घरी कापडाचं दुकान, फौजेत जाणारा घरातला मी पहिलाच. हॉकी मी स्वतः बेताचीच खेळलो, पण शेवटच्या काही वर्षांत रेजिमेंटच्या टीमचा मॅनेजर होतो. त्याच नात्यानं टीम घेऊन नांदेडला एका स्पर्धेसाठी आलो होतो.

नांदेडच्या लोकांना हॉकी कळते. आमचा मुक्काम विष्णुपुरीच्या बाजूला एका शाळेत होता. तिथं रोज संध्याकाळी दोन म्हातारे यायचे. एक गफूरचाचा, रेल्वेतून रिटायर झालेले. दुसरे हरपालसिंग, हॉकीतले जुने फुलबॅक, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचे. दोघं आमच्या प्रत्येक खेळाडूची दुखापत आमच्या नर्सिंग असिस्टंटपेक्षा बारकाईनं विचारायचे.

उपांत्यपूर्व सामन्यात आमचा गोलकीपर हवालदार टोप्पो पेनल्टी कॉर्नर अडवताना पडला आणि त्याच्या उजव्या अंगठ्याचं हाड मोडलं. मी रेजिमेंटला फोन करून राखीव गोलकीपर मागवला. नायक सुदाम राठोड दुसऱ्या दिवशी रेल्वेनं आला. किनवटजवळच्या तांड्यावरचा. आश्रमशाळेत हॉकी शिकला. बोलायला कमी. मोठा सामना एकही खेळलेला नव्हता.

उपांत्य सामना पावसामुळे पुढे ढकलला गेला. त्या संध्याकाळी व्हरांड्यात वाद रंगला.

"टोप्पोला इंजेक्शन द्या अन् उभं करा," हरपालसिंग म्हणाले. "अंगठा काय, पॅडनं अडवायचं अस्तं."

"अहो सरदारजी, मोडल्या हातानं स्टिक धरणार कशी?" गफूरचाचा म्हणाले. "नवा गडी हाय ना. त्याला घ्या. लेफ्ट हाफ थोडा मागं ठेवा, बस."

"नव्याला सेमीफायनलला? पहिल्याच कॉर्नरला घाबरून जाईल."

राठोड तिथंच बसून पॅडचे पट्टे शिवत होता. हरपालसिंगांनी त्यालाच विचारलं, "काय रे, भ्या वाटतं का?"

"वाटतं की," तो म्हणाला आणि शिवत राहिला.

गफूरचाचा खूप हसले. राठोडला खेळवायचं मी तिथंच ठरवलं आणि त्याला सांगितलं. त्यानं बाजूला जाऊन वडिलांना फोन केला. ते सामना पाहायला यायचे होते.

सकाळी कमांडिंग ऑफिसर साहेबांचा फोन आला. पैनगंगेला पूर आला होता. रेजिमेंटची तुकडी पुण्याहून निघाली होती, पण तिला पोचायला वेळ लागणार होता. इस्लापूरच्या पुढं नदीकाठच्या एका गावात मुलींचं वसतिगृह पाण्यानं वेढलं होतं.

"तुमच्याकडे किती माणसं बोट चालवू शकतात?"

"सगळीच, सर. पण बोट नाही."

"बोटी जिल्ह्याकडून मिळतील. निघा."

आम्ही ट्रॅकसूटवरच निघालो. पुढं रस्ता चुकू नये म्हणून हरपालसिंग स्वतःची जीप घेऊन आले. गफूरचाचा त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि मीही परत पाठवलं नाही.

मग नदी दिसली. मी बऱ्याच पुरांत काम केलं आहे, पण त्या पाण्याचा वेग वेगळा होता. खालच्या अंगाला सहस्रकुंडाचा धबधबा. तो दिसत नव्हता, पण आवाज येत होता, लांबून मालगाडी जात राहावी तसा. न थांबणारा. गावातले लोक बोलताना त्या दिशेला पाहत नव्हते.

मोटर चालू असलेली बोट एकच होती. दुसरीच्या मोटरवर आमची मुलं काम करायला लागली. टोप्पो म्हणाला, "साब, मोटर मी घेतो." त्याचा हात प्लास्टरमध्ये होता. मी त्याला एक वॉकी-टॉकी देऊन काठावर ठेवलं, दुसरा माझ्याकडे घेतला. मोटरवर राठोड, दोरावर सॅपर यादव, पुढं मी.

पहिली फेरी नीट झाली. लहान मुली आधी आणल्या.

दुसऱ्या फेरीत मोठ्या मुली होत्या. सगळ्यांना तळाशी बसवलं, एकमेकींचे हात धरायला सांगितले. आम्ही मधल्या प्रवाहात आलो आणि बोटीच्या खालून काहीतरी आपटलं. मोटर एकदम किंचाळली. राठोडनं ती बंद केली.

"पिन तुटली, साब."

ती पिन तुटली की मोटर नुसती ओरडते, पंखा फिरत नाही. बदलायला फार वेळ लागत नाही, पण बोट स्थिर हवी. आमची बोट गरगर फिरून खाली निघाली होती. यादव आणि मी वल्ही मारत होतो, पण त्याचा काही उपयोग होत नव्हता.

"बोट एक, कुठं आहात? ओव्हर," टोप्पोचा आवाज.

"मोटर बंद. वाहतोय. ओव्हर."

"कुठल्या बाजूला? ओव्हर."

"खाली."

धबधब्याचा आवाज आता छातीत जाणवत होता. मुली रडत नव्हत्या. त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं. एकीनं माझा पट्टा मागून घट्ट धरला होता. तिनं विचारलं, "काका, आपून धबधब्यावरून पडून राहिलो का?"

"नाही," मी म्हणालो. तो आवाज मला माझा वाटला नाही. मी पुन्हा वल्हं पाण्यात घातलं.

पुढं पाण्यातून चिंचेच्या एका झाडाचा शेंडा वर आला होता. आम्ही त्याच्या जवळून जाणार होतो, पण नुसता दोर फेकला असता तर तो फांदीत अडकला नसता. राठोडनं बोटीला बांधलेल्या दोराचं मोकळं टोक यादवकडून घेतलं आणि कमरेला गुंडाळलं. माझ्याकडे पाहिलं.

"लई भ्या वाटून राहिलं, साब," तो म्हणाला. "जातो मी."

मी मान हलवली. दुसरा मार्ग मलाही दिसत नव्हता. त्यानं उडी घेतली आणि फांदी पकडली. छातीभर पाण्यात खालच्या फांदीवर उभं राहून त्यानं दोर कमरेचा सोडला, जाड फांदीला दोन वेढे दिले आणि गाठ मारली. बोटीला जोराचा हिसका बसला. मुली एकमेकींवर पडल्या. बोट थांबली.

तो बोटीकडे परत यायला वळला, तेव्हा प्रवाहाच्या वरच्या अंगानं एक उन्मळलेलं झाड वाहत आलं. यादव ओरडला. राठोडनं मागं पाहिलं. झाडाची मुळं त्याच्या अंगावर आली आणि तो खाली गेला. थोड्या अंतरावर लाइफ जॅकेटचा नारिंगी रंग एकदा दिसला. पुन्हा दिसला नाही.

गाठ टिकली.

यादवला त्याच्या मागं उडी मारायची होती. मी त्याची कॉलर धरून ठेवली आणि वॉकी-टॉकीवर सांगितलं, "एक माणूस पाण्यात. बोट झाडाला बांधलेली आहे. मुली ठीक. ओव्हर." टोप्पोनं विचारलं, "कोण?" मी नाव सांगितलं. दुसरी बोट येईपर्यंत आम्ही त्या झाडाला लटकून होतो. त्या वेळेबद्दल मी घरीही कधी बोललो नाही. दोर ताणला जाताना कुरकुरतो, तो आवाज अजून झोपेतून उठवतो.

सगळ्या मुली काठावर आल्या. गफूरचाचा चिखलात उभे राहून एकेकीच्या खांद्यावर चादर टाकत होते. मी उतरल्यावर त्यांनी बोटीत पाहिलं, मोटरजवळची रिकामी जागा पाहिली, आणि पुढची चादर उचलली.

पाणी उतरल्यावर राठोड धबधब्याच्या खाली सापडला. उरलेली स्पर्धा नंतर झाली. आम्ही खेळलो नाही.

त्याला घेऊन तांड्यावर गेलो तेव्हा सगळी टीम युनिफॉर्ममध्ये होती. हरपालसिंग आणि गफूरचाचाही आले होते. सलामी झाली, अग्नी दिला, लोक पांगले. त्याचे वडील मला बाजूला घेऊन गेले. उंच, वाळके गृहस्थ. मला वाटलं, ते पेन्शनचं विचारतील, किंवा त्यालाच का पाठवलं ते विचारतील. दोन्हींची उत्तरं मी तयार ठेवली होती.

"फोनवर म्हणत होता, मला टीममध्ये घेतलं म्हणून," ते म्हणाले. "खरं हाय का ते?"

"खरं आहे. गोलमध्ये तोच उभा राहणार होता."

त्यांनी मान डोलावली. मग ते चितेकडे वळले.

"साहेब, पोरगं भ्यालं होतं का शेवटाला?"

अशा वेळी काय सांगायचं हे फौज शिकवते. शूर होता, हसत गेला, असं सांगायचं असतं. माझ्या तोंडाशी ते आलंही होतं.

"हो," मी म्हणालो. "मला तसं बोलला तो. मीही भ्यालो होतो. बोटीतले सगळेच."

त्यांनी फेट्याच्या टोकानं तोंड पुसलं.

"मंग एकटा न्हवता," ते म्हणाले.