कंपाउंडर पंधरा मिनिटं कुणाशी बोलायचा

यात माझं शहाणपण कुठेच नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. एकोणीस वर्षं गाडी चालवतोय, आणि त्यातली अकरा वर्षं माझ्या शेजारच्या सीटवर एकच माणूस होता. कंपाउंडर. खरं म्हणजे तो पॅरामेडिक. ऑक्सिजन लावणं, रक्त थांबवणं, छाती दाबणं सगळं त्याचं काम. पण तरुणपणी एका दवाखान्यात पुड्या बांधायचा, म्हणून नाव पडलं ते पडलं. बारीक अंगाचा, खिशात कायम कात्री. जिन्यावरून स्ट्रेचर उतरवताना "सांभाळ रे, सांभाळ रे" म्हणून बोंबलायचो मी, आणि सांभाळायचा तो. रोज सकाळी गाडी ताब्यात घेताना एक तक्ता भरायचा असतो. मागच्या भागाचा तो भरायचा, एकेक मास्क हातात घेऊन. पुढचा माझा: टायर, दिवे, सायरन, वायरलेस. मी चहा पिता पिता वरपासून खालपर्यंत "ठीक, ठीक, ठीक" लिहून मोकळा. वायरलेसचा माइक अडकवायचा हूक तुटून वर्ष झालं होतं. मी माइक सीट आणि हँडब्रेकच्या मध्ये खुपसून ठेवायचो. कंपाउंडर म्हणायचा, "तक्त्यात लिही." मी म्हणायचो, "चालतंय की!"

बोलायचा तो एवढंच. मी अर्धा तास रडगाणं गायलं की शेवटी त्याचा एक "हं". पण त्या "हं"ने माणसाला हलकं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आणि तेव्हा माझ्याकडे रडगाण्यांना तोटा नव्हता. आमच्या घरी सात महिने अबोला चालला होता. सुरू कशावरून झाला ते दोघांनाही धड आठवत नव्हतं, पण माघार कोण घेणार? बायको मुलीला सांगायची, "बाबांना सांग, जेवण झाकून ठेवलंय." मी मुलीला सांगायचो, "आईला सांग, दिसतंय मला." तिघंही एकाच टेबलाशी बसलेले! एकदा मुलगी घरी नव्हती, तर ही बया भिंतीवरच्या घड्याळाला म्हणाली, "पाण्याची मोटर बंद करायची राहिलीय." हे मी एकट्या कंपाउंडरला सांगितलं, गाडी थांब्यावर पुढच्या कॉलची वाट बघत उभी असताना. दुसऱ्या कुणाला सांगणार? लाज असते की नाही माणसाला!

मग टीव्हीवर ती मालिका आली. रोज आठ वाजता. अ‍ॅम्ब्युलन्सवरची माणसं आणि त्यांच्या घरातली दुखणी. आम्ही आमच्या अ‍ॅम्ब्युलन्स स्टेशनवर तिची टर उडवायचो. त्यातली पॅरामेडिक बाई केस मोकळे सोडून छाती दाबते, आणि ड्रायव्हर एका हाताने गाडी चालवतो, दुसऱ्याने डोळे पुसतो. घरी बायको आणि मुलगी मात्र हललं तरी "शू!" करायच्या. मीही कोपऱ्यातून बघायचो, चुका काढायला.

एका संध्याकाळी मालिकेतला ड्रायव्हर घरी आला, हात धुऊन जेवायला बसला, आणि त्याची बायको घड्याळाकडे बघून म्हणाली, "पाण्याची मोटर बंद करायची राहिलीय."

माझा घास हातातच राहिला. बायकोने टीव्हीचा आवाज बंद केला आणि सात महिन्यांनी पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली.

"अहो, घरातलं सगळं चव्हाट्यावर मांडलंत? माझं घड्याळसुद्धा?"

"मी कुणाला..."

"मग काय घड्याळ जाऊन सांगून आलं?"

त्यानंतर पुन्हा अबोला. आता मुलीमार्फतसुद्धा नाही.

मी बोटांवर मोजलं. ही गोष्ट माहीत कुणाला? मला, बायकोला, मुलीला. आणि कंपाउंडरला. एकदा मनात शंका शिरली की काय सांगू तुम्हाला, साधं पाणी पिणारा माणूससुद्धा चोरून पितोय असं वाटायला लागतं. हा मुखदुर्बळ गृहस्थ रोज दुपारी फोन घेऊन सिलिंडरच्या खोलीमागे जायचा आणि चांगली पंधरा मिनिटं बोलायचा. पंधरा मिनिटं! माझ्या वाट्याला "हं", आणि तिकडे पंधरा मिनिटं! एकदा मी बादली रिकामी करायच्या निमित्ताने तिकडे गेलो. तो हसत होता. म्हणत होता, "ऐक, पहिल्यापासून सांगतो. आज काय म्हणाला माहितीये?" मला बघितलं आणि गप्प झाला.

"कुणाचा फोन?" मी विचारलं.

"घरचा."

त्याच महिन्यात त्याने नवे बूट घेतले. आणि मालिकेत बघावं तर ड्रायव्हरच्या शेजारी बसणारा एक मुका इसम होता. त्याला ना बायको, ना पोर, ना भांडण. नुसता "हं" म्हणतो. सगळ्यांची लक्तरं वेशीवर आणि हा तेवढा कोरा करकरीत! का नसेल? लिहून देणाराच तो, स्वतःला कशाला उघडा पाडेल?

मी सापळा लावला. थांब्यावर गाडी उभी केली, माइक खुपसला, आणि आवाज खाली आणून कंपाउंडरला एक थाप ठोकून दिली. म्हटलं, लग्नाआधी माझं एका नर्सशी जमलं होतं. हिरव्या काठाचा रुमाल दिला होता तिने, अजून गाडीच्या कप्प्यात आहे. कंपाउंडर कप्प्याकडे बघून म्हणाला, "हं."

तीन आठवड्यांनी मालिकेतल्या ड्रायव्हरने कप्प्यातून हिरव्या काठाचा रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला.

चोर सापडला! मी खुर्चीवरून उठून टाळी वाजवली. पण माझ्या शेजारी कोण बसलंय याचं भान राहिलं नव्हतं. बायको उठली, बॅग भरली आणि बहिणीकडे निघून गेली. जाताना मुलीला म्हणाली, "बाबांना सांग, रुमाल धुऊन ठेवा." आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला, आणि तोही कुणामुळे? त्या कंपाउंडरमुळे. माझं डोकं इतकं सणकलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या स्टेशनसमोर मी त्याला घरभेदी म्हटलं. विश्वासघातकी म्हटलं. आणखीही म्हटलं, ते लिहिण्यासारखं नाही.

तो कात्री पुसत होता. म्हणाला, "मी नाही सांगितलं." पुन्हा एक अक्षर नाही. मी मनात म्हटलं, खरा असता तर भांडला नसता का? मी साहेबांना लेखी अर्ज दिला: या माणसाबरोबर काम करणार नाही. आठवड्यात त्याची बदली शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या स्टेशनवर झाली. मास्कचा डबा मोजून माझ्या हातात दिला आणि गेला.

त्याच्या जागी एक मुलगी आली, नवी पॅरामेडिक. पहिल्याच दिवशी थांब्यावर मी नेहमीसारखा माइक खुपसला आणि तोंड उघडलं. तिने हात वर करून मला थांबवलं.

"काका, असा ठेवला की बटण दाबलेलं राहतं. तो बघा लाल दिवा. तुमचं सगळं कंट्रोल रूमला ऐकू जातंय."

थांब्यावर असताना वायरलेस दोन नंबरवर ठेवायचा असतो. डिझेल, सिलिंडर, असली किरकोळ बोलणी त्यावर. मी तडक कंट्रोल रूममध्ये गेलो. दोन नंबरचा स्पीकर खिडकीपाशी, आणि त्याच्यासमोर एक रिकामी खुर्ची.

"आम्हाला वाटलं तुम्हाला माहितीये," तिथली बाई म्हणाली. "इतका रंगवून सांगायचात! आमच्या चहाच्या वेळेला तुम्हीच असायचात, काका. ते मालिकेचे लेखकसुद्धा इथेच बसायचे, साहेबांची परवानगी काढून. वही भरून न्यायचे."

"आणि कंपाउंडर?"

"ते कुठे बोलायचे? अधूनमधून 'हं' ऐकू यायचं. लेखक विचारायचे, या माणसाला काही घरदार आहे की नाही? आम्हाला तरी कुठे माहीत!"

मलाही माहीत नव्हतं. अकरा वर्षं एकाच गाडीत बसून माहीत नव्हतं.

पत्ता शोधला. आमच्या स्टेशनपासून चार गल्ल्या अंतरावर, तळमजल्यावरची खोली. दार त्यानेच उघडलं. आत पलंगावर त्याची बायको, सहा वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलेली. सगळं कळतं, बोलता मात्र येत नाही. रोज दुपारी शेजारीण तिच्या कानाला फोन लावायची, आणि तो सिलिंडरच्या खोलीमागून तिच्याशी बोलायचा. कामातून सुटता आलं की पळत येऊन तिची कूस बदलून जायचा. आता नव्या स्टेशनवरून घरी यायलाच दीड तास लागतो. तिच्या पाठीला जखम झाली होती. पट्टी त्यानेच बांधलेली, सुरेख.

मी म्हटलं, "चुकलो रे. मी तुला विचारलंसुद्धा..."

"विचारलं नव्हतंस," तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "सगळ्यांसमोर सांगितलंस. एकदा नुसतं विचारायचं होतंस."

मी मान खाली घातली. अर्ज मागे घेतलाय म्हटलं, पण साहेब म्हणतात वर्ष संपेपर्यंत बदली फिरवता येणार नाही. तो "हं" म्हणाला. या "हं"ने काही हलकं वाटलं नाही.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. त्याची बायको माझ्याकडे बघून हसत होती, अर्ध्या तोंडाने, पण खळखळून. हात उचलून तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

"तुझा आवाज ओळखला तिने," कंपाउंडर म्हणाला. "फोनवर कधी तू मागे आरडाओरडा करायचास ना! रोज तुझंच सांगायचो मी तिला. मोटर, घड्याळ, सगळं. दुसरं काय होतं माझ्याकडे सांगायला? तिकडचा ड्रायव्हर चांगला आहे, पण बोलत नाही. महिनाभर फोनवर काय बोलावं तेच कळत नाही."

म्हणजे सांगत तो होताच. फक्त जिला कुणाला सांगता येत नाही, तिला.

मी स्टूल ओढून पलंगापाशी बसलो.

"वहिनी, पहिल्यापासून सांगतो," मी म्हटलं. "हिरव्या काठाच्या रुमालापासून. आमची ही अजून बहिणीकडेच आहे."

कंपाउंडर तिची कूस बदलायला उठला. मी दुसऱ्या बाजूने धरलं.