साडेएकतीस औंस

व्हर्ना हॉलेनबेकला बेसबॉल खेळणाऱ्याचं वय विचारावं लागत नसे. बॅटची ऑर्डर पाहिली की तिला ते कळायचं. वयाची तिशी ओलांडली की आधी मुठीची जाडी कमी होते, मग अर्धा इंच लांबी कमी होते, आणि वजन सगळ्यात शेवटी. वजन उतरवणं म्हणजे कबुलीच, आणि कबुली द्यायला कुणीच तयार नसतं.

तिला आणखीही एक गोष्ट दिसायची. ज्याच्या संघाबरोबरच्या कराराचं शेवटचं वर्ष असतं तो माणूस एका डझन बॅटींसाठी तीन पत्रं पाठवतो. लाकडाच्या रेषा सरळ हव्यात, गाठ नको, मागच्या खेपेची चौथी बॅट होती तशाच सगळ्या हव्यात. पुढच्या हिवाळ्यात त्याच माणसाला पाच वर्षांचा करार मिळाला की एक पोस्टकार्ड येतं, 'नेहमीप्रमाणे पाठवा.' व्हर्ना ते कार्ड लाकूड कातायच्या लेथशेजारच्या खिळ्याला टोचायची आणि म्हणायची, "हा आता यंदा विश्रांती घेणार." आणि तो घ्यायचाच. अशा कार्डांची तिच्याकडे चांगली जाडजूड चळत झाली होती.

बॅटींचा हा कारखाना पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या डोंगरात होता. आजूबाजूला अ‍ॅशची झाडं, ज्यांच्या लाकडाच्या बॅटी होतात, नदीकाठी लाकूड वाळवायच्या शेड. १९५०मध्ये व्हर्ना तिथं बॅटी घासायच्या खात्यात लागली, कारण बायकांना तेवढंच काम द्यायचे. एका शरद ऋतूत लेथवरचे दोन गडी हरणाच्या शिकारीला म्हणून गेले आणि आठवडाभर परतलेच नाहीत. तेव्हा तिनं कुणाला न विचारता लेथ सुरू केला. परत आल्यावर त्या दोघांनी बरीच टर उडवली. मग तिच्या बॅटी काट्यावर ठेवून पाहिल्या आणि तोंड मिटून कामाला लागले. तेव्हापासून मोठ्या संघांच्या बॅटी तिच्याच हातच्या. समोर नमुन्याची बॅट, हातात पटाशी, शेजारी काटा. झालेली बॅट ती सिमेंटच्या फरशीवर एकदा उभी आपटायची आणि आवाज ऐकायची. मुठीच्या बोंडाखाली टाचणीच्या टोकाएवढा ठिपका टाकायचा, ही तिची खूण. मग चिठ्ठीवर औंसांत वजन लिहायचं. त्या चिठ्ठीवर खोटा आकडा लिहिणं म्हणजे त्या कारखान्यात महापाप.

ड्वेन पेलेटियरच्या बॅटी ती तो अठरा वर्षांचा असल्यापासून करत होती. मेन राज्यातल्या मासेमारी करणाऱ्या घरातला हा आडदांड पोरगा पहिल्यांदा कारखान्यात आला तेव्हा मान खाली घालून उभा होता. तिनं त्याचे हात पाहिले, सात बॅटी हातात दिल्या आणि आठवी द्यायच्या आधीच म्हणाली, "चौतीस इंच, तेहेतीस औंस. पेन्शन घेशील तोवर बदलू नकोस." हे बोलणं तिच्या अंगाशी येणार होतं, पण ते अठरा वर्षांनी.

यंदा पेलेटियर छत्तीस वर्षांचा होता आणि त्याच्या कराराचं शेवटचं वर्ष सुरू होतं. मे महिन्यात त्याला दहापैकी दोन वेळाही धड चेंडू मारता येत नव्हता. शनिवारी दुपारी व्हर्ना मागच्या अंगणात खिम्याच्या मीटलोफचं सँडविच खात रेडिओवर सामना ऐकायची. निवेदक सारखा म्हणायचा, "फाउल, डावीकडे, प्रेक्षकांत." मग पुन्हा, "फाउल, डावीकडे." फाउल म्हणजे चेंडू रेषेबाहेर, फटका फुकट. पेलेटियर डावखुरा. डावखुऱ्याचा चेंडू डावीकडे जातो म्हणजे बॅट उशिरा पोचतेय. एकदा झालं तर झालं. महिनाभर होत असेल तर त्या माणसाचं मनगट म्हातारं झालंय, किंवा त्याच्या मनगटाला ती बॅट जड झालीय. हे रेडिओवर ऐकून ओळखणारी बाई साऱ्या देशात दुसरी कोण असेल, मला माहीत नाही.

जूनमध्ये त्याची ऑर्डर आली. तीन पत्रं. चौतीस इंच, तेहेतीस औंस, अठरा नग. शेवटच्या पत्राखाली वेगळ्या शाईत लिहिलं होतं, 'वजनात पाव औंसही कमी नको, मिसेस हॉलेनबेक. तुम्हीच सांगितलं होतंत.'

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," व्हर्ना स्वतःशीच पुटपुटली. तिनं त्याला सांगायला फोन उचलला आणि ठेवूनही दिला. काय सांगणार? तू म्हातारा झालास? ते तर त्याला रोज सकाळी त्याचे गुडघे सांगत असणार, आणि तो त्यांचंही ऐकत नसणार.

मग ती लाकडाच्या मांडणीकडे गेली. बॅटचा आकार तोच ठेवून वजन उतरवायचं असेल तर लाकूडच हलकं निवडावं लागतं. पण हलकं लाकूड लवकर मोडतं, म्हणून तिनं दोन दिवस घालवून अठरा दांडके असे निवडले की ज्यांच्या रेषा वरपासून खालपर्यंत तारेसारख्या सरळ होत्या. लेथवर त्यांना हुबेहूब जुना आकार दिला. प्रत्येक बॅट साडेएकतीस औंस. केसाचाही फरक नाही. आणि अठरा चिठ्ठ्यांवर तिनं लिहिलं, तेहेतीस.

हे अडतीस वर्षांतलं तिचं पहिलं खोटं होतं.

जुलैत रेडिओवरच्या निवेदकाचा सूर बदलला. पेलेटियरची बॅट वेळेवर पोचू लागली, चेंडू उजवीकडच्या कठड्यावरून थेट मैदानाबाहेर, होमरन होऊन जाऊ लागले. वर्तमानपत्रवाले लिहू लागले की कराराचं वर्ष आलं की म्हाताऱ्या घोड्यालाही चारा दिसतो. व्हर्ना वाचायची आणि मिशीत हसावं तशी हसायची. एका शनिवारी तर तिनं शेजारणीला बोलावून भोपळ्याचं गोड सारण भरून भाजलेला 'पाय' खाऊ घातला. शेजारणीनं विचारलं, "कशाबद्दल गं?" तर म्हणाली, "उजवीकडे गेला ना!" शेजारीण बिचारी तेवढं खाऊन घरी गेली.

ऑगस्टमध्ये पत्र आलं. संघाचं सामान सांभाळणाऱ्या माणसानं एक बॅट सहज काट्यावर ठेवली होती. चिठ्ठीवर तेहेतीस, काट्यावर साडेएकतीस. दुसरीही तशीच. यामागचं कारण लेखी कळवा, असं त्यात लिहिलं होतं.

कर्ट हा कारखान्याचा फोरमन. लेथ धरायला त्याला व्हर्नानंच शिकवलेलं. तो पत्र घेऊन तिच्यापाशी आला, मशीन बंद केलं आणि हळू आवाजात म्हणाला, "व्हर्ना, खरं सांगा. हात चुकला की मुद्दाम केलंत?"

"मुद्दाम केलं असेल तर?"

"तर संघाला तसं कळवावं लागेल. पेलेटियरला हलकी बॅट लागते म्हणून केली, असं."

व्हर्नाला पुढचं सगळं लख्ख दिसलं. ते पत्र त्या संघाच्या कचेरीत जाईल, जिथं पेलेटियरच्या पुढच्या कराराचं ठरायचंय. तिथून ते इतर संघांकडे जाईल. मनगट मंदावलंय हे कळल्यावर चेंडू फेकणारा प्रत्येक जण त्याच्या अंगावर वेगानं मारा करील. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, आणि ती मूठ आता तिच्या हातात होती.

"हात चुकला," ती म्हणाली. "चष्मा बदलायला झालाय. काटा नीट वाचला नाही."

"अठराही बॅटींचा?"

"अठराही. बहिरा आहेस का? लिही."

कारखान्यात चुकांची एक वही होती. कर्टनं त्यात लिहिलं, 'वजन वाचण्यात चूक,' आणि व्हर्नानं खाली सही केली. अडतीस वर्षांत त्या वहीत तिचं नाव कधी आलं नव्हतं. सही करताना तिला रडू आलं नाही, राग आला. कुणावर ते तिलाही सांगता आलं नसतं.

वयाच्या बासष्टीनंतर कारखाना तिला एकेका वर्षाचाच करार द्यायचा. सप्टेंबरात तिला मोठ्या लेथवरून काढलं आणि दुकानातून आठवण म्हणून विकायच्या वीतभर बॅटींवर बसवलं. पोरंटोरं लेथवरून तिच्याकडे बघून नजर चुकवायची. नोव्हेंबरात पत्र मिळालं, करार पुढे वाढणार नाही, तेवीस डिसेंबर हा शेवटचा दिवस. त्याच आठवड्यात बातमी आली की पेलेटियरला दोन वर्षांचा करार मिळाला. ती बातमी कापून तिनं त्याच खिळ्याला टोचली, पोस्टकार्डांच्या वर.

एकोणीस डिसेंबरला सकाळी, बर्फ झटकत, खांद्यावर लांबलचक कॅनव्हासची पिशवी घेऊन पेलेटियर कारखान्यात शिरला. लेथ एकामागून एक बंद झाले. तो सरळ मोठ्या लेथपाशी गेला, तिथं दुसराच माणूस पाहिला आणि गरजला, "मिसेस हॉलेनबेक कुठायत?"

"इथं आहे," कोपऱ्यातून व्हर्ना म्हणाली. "आरडाओरडा करू नकोस. हे काही तुझं मैदान नाही."

त्यानं तिच्या हातातली वीतभर बॅट पाहिली. त्याचा चेहरा उतरला.

"कर्ट, इकडे ये," तो म्हणाला. "आणि ती वही घेऊन ये. आमच्या सामानवाल्यानं मला तुमचं उत्तर दाखवलं, परवा."

पिशवीतून त्यानं बॅटी काढून टेबलावर मांडल्या. अठरापैकी नऊ उरल्या होत्या. एकेक करून त्या काट्यावर ठेवल्या. साडेएकतीस. साडेएकतीस. साडेएकतीस. नऊच्या नऊ.

"पहिल्याच दिवशी हातात घेतली आणि मला कळलं," तो म्हणाला. "मला वाटलं, म्हातारीचा हात गेला. बोललो असतो तर यांची नोकरी गेली असती. म्हणून गप्प बसलो आणि याच बॅटींनी खेळलो. नाहीतर शपथेवर सांगतो, मेलो असतो पण हलकी बॅट घेतली नसती!"

व्हर्नाला हसावं की त्याच्या कानाखाली वाजवावी, कळेना. "माझा हात गेला म्हणतोस?"

"थांबा, अजून संपलं नाही." त्यानं आणखी सहा बॅटी काढल्या. "या आमच्याच संघातल्या दोघांच्या. त्याच आठवड्यातल्या. बोंडाखाली ठिपका बघ, कर्ट. यांच्याच हातच्या. ठेव काट्यावर."

कर्टनं ठेवल्या. चिठ्ठीवर जे, काट्यावर तेच.

"आता तूच सांग," पेलेटियर म्हणाला. "चष्मा काय फक्त माझ्याच बॅटी आल्या की बिघडतो?"

कर्ट व्हर्नाकडे वळून म्हणाला, "म्हणजे मुद्दाम. खोटी चिठ्ठी. व्हर्ना, हे तर चुकीपेक्षा वाईट आहे."

"वाईट आहे," व्हर्ना म्हणाली. तिची मान ताठ होती. "त्यासाठी मला काढायचं तर काढ. पण हात चुकला म्हणून नको. या हातानं अडतीस वर्षांत एकही बॅट चुकवलेली नाही, आणि तुला शिकवलंय तेही याच हातानं. ती ओळ खोड."

"खोडली तर कारण लिहावं लागेल," कर्ट म्हणाला. "आणि ते पुन्हा संघाला कळवावं लागेल."

व्हर्नानं झटकन पेलेटियरकडे पाहिलं आणि मान हलवली. नको. तोंडानं मात्र तिनं कर्टला म्हटलं, "मग राहू दे. आहे तशीच राहू दे."

"राहू दे काय?" पेलेटियरनं कर्टच्या हातून वही घेतली. लेथवरचे सगळे जवळ आले होते. त्यानं ती सहीची ओळ शोधली, एक सरळ रेघ मारून खोडली आणि खाली मोठ्या, पोरकट अक्षरांत लिहिलं, मोठ्यानं वाचत: "चूक नव्हती. मला तेहेतीस औंस झेपेनासे झाले होते. हे मिसेस हॉलेनबेक यांना माझ्या आधी कळलं." खाली पूर्ण नाव लिहिलं आणि वय लिहिलं, छत्तीस. दोनदा गिरवलं.

"हे पाठव संघाला," तो कर्टला म्हणाला. "आणि पुढच्या वर्षीची ऑर्डर लिहून घे. चार डझन, साडेएकतीस. दुसऱ्या कुणी केल्या तर परत पाठवीन."

कर्टनं वही मिटली. खिशातून रुमाल काढून उगाच नाक पुसलं आणि मोठ्या लेथवरच्या माणसाला म्हणाला, "ऊठ रे तिथून."

व्हर्नानं हातातली वीतभर बॅट खाली ठेवली, अंगावरचा भुसा झटकला आणि लाकडाच्या मांडणीकडे चालू लागली. अर्ध्या वाटेत थांबून तिनं मागे वळून पेलेटियरच्या मनगटांकडे नीट पाहिलं.

"दोन वर्षांचा करार आहे ना?" ती म्हणाली. "दुसऱ्या वर्षी एकतीस करू. आणि या खेपेला मी तुला आधी सांगतेय."